काळ्या पट्टीखालचं लाल बटण

आमच्या घरात वीज यायची ती धानाच्या गिरणीच्या मर्जीने. सिंदेवाहीत आमचं घर गिरणीच्या पाठच्या भिंतीला लागून होतं. सकाळी गिरणीचा पट्टा फिरू लागला की स्वयंपाकघरातला बल्ब आधी पिवळा पडायचा, मग लालसर व्हायचा, आणि दहाच्या सुमाराला त्याच्या पोटातली नुसती तार दिसायची. माय त्या तारेकडे बघून वेळ सांगायची. गिरणीचा धडधडाट भिंतीतून भांड्यांत उतरायचा, मांडणीवरची पितळी ताटं दिवसभर बारीक आवाज करत राहायची आणि कोंडा तर सगळीकडे, गादीवर, पाण्याच्या गुंडावर, भाताच्या शितावर. सकाळी शिळा भात, वर तेल-तिखट. दुपारी लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी. बाजाराच्या दिवशी सुकट आली तर वास गल्लीभर जायचा आणि आम्ही दोघे भाऊ चुलीजवळून हलायचो नाही. बाबा त्याच गिरणीत पोती उचलायचे आणि खोकून खोकून लवकर गेले. त्यानंतर घर चालवलं ते सुखदेवदादाने. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी जे काही झालो ते स्वतःच्या जोरावर झालो असं मी चारचौघांत सांगतो, आणि ते खोटं नाही. पण पेचकस धरायला मला त्याने शिकवलं, हे इथे लिहून टाकतो.

दादाचं दुकान म्हणजे आमच्या घराची छपरी. आधी तो रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. मग वर्षभर नागपूरला एका दुकानात राहून कॉम्प्युटरचं काम शिकून आला आणि पाटीवर स्वतःच्या नावाखाली ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं रंगवून घेतलं. आमच्या भागात कॉम्प्युटर मरायचा तो बहुतेक एकाच कारणाने. त्याचा पॉवर सप्लाय जायचा, ज्याला आम्ही नुसता डबा म्हणायचो. कॅबिनेटच्या मागे वरच्या कोपऱ्यात बसवलेला पत्र्याचा चौकोनी डबा, त्याला एक पंखा आणि रंगीत वायरींचा एक झुबका. भिंतीतून येणारी वीज कॉम्प्युटरला जशीच्या तशी चालत नाही. हा डबा ती आत घेतो, सरळ करून दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतो आणि एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढून बारा, पाच आणि त्याहून कमी व्होल्टची वीज वेगवेगळ्या वायरींवर देतो. पिवळी बाराची, लाल पाचची, काळी परतीची. दादाने मला हे रंग मायच्या साड्यांवरून पाठ करून घेतले होते.

डबा बदलणं हे काम दिसायला सोपं. मागचे चार स्क्रू, बोर्डातला रुंद जोड, डिस्कचे छोटे जोड, संपलं. पण दादा त्यातही घाई करू द्यायचा नाही. नवा डबा आधी तळहातावर तोलायचा. हलका असला तर परत. पत्र्यावर साडेचारशे वॅट लिहिलेलं असो, आत तांबं कमी असलं की वजन बोलतं. मग हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्याने जोडायची, पंखा फिरला तर डबा जिवंत. आणि जुना डबा उघडायचा असला तर वायर काढून तो फरशीवर ठेवायचा आणि चहा पिऊन यायचं. त्यानंतर दादा एका बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन वायरी त्या मोठ्या कपॅसिटरच्या पायांना टेकवायचा. कुठलीही वीज जोडलेली नसताना बल्ब क्षणभर उजळायचा आणि विझायचा.

"पाह्यलास?" दादा म्हणायचा. "वायर काढली म्हणजे डबा मेला असं नाई समजायचं गा. त्याच्या पोटात जीव ऱ्हाते. तो काढून घ्यायचा, मंगच हात घालायचा."

मला त्या उजेडाची भीती वाटायची. आजही वाटते. माझ्या दुकानात आता चार माणसं कामाला आहेत, पण कोणी तो बल्ब टेकवला की मी नजर वळवतो.

डब्याच्या मागच्या बाजूला, वायर खोचतात तिथे, त्या काळात एक लाल बटण असायचं. पेचकसाने वर-खाली सरकवायचं. एका बाजूला २३० लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ११५. दादा प्रत्येक नव्या डब्याचं बटण २३० वर आहे हे बघायचा आणि वरून काळी चिकटपट्टी लावून टाकायचा. "याले हात लावायचा नाई." एवढंच. का लावायचा नाही हे तो सांगायचा नाही, आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात थोरल्याने सांगितलेल्या गोष्टीला ‘काऊन’, का म्हणून, असं म्हणायची पद्धत नव्हती. माझा स्वभाव तेव्हाही तापट होता. विचारणं म्हणजे मला येत नाही असं कबूल करणं, असं मी धरून चाललो होतो.

मी वीस वर्षांचा असतानाच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. खताच्या दुकानावरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशीन, एक खोली, बाहेरून गेलेला अरुंद जिना, त्याला कठडा नाही. क्लास चालवणाऱ्या माणसाला सगळे सर म्हणायचे. सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागतं हे आमच्या जिल्ह्यात नुकतंच कळलं होतं आणि खेड्यांतल्या मुली सायकलने यायच्या. त्यांत रेखा होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवर ती धावायची आणि आमच्या घरासमोरून जायची. मी छपरीत झोपलेलो असायचो. आधी लांबून तिचे पाय वाजायचे, मग जवळ यायचे, मग दूर जायचे. इतका एकसारखा ठेका, की गिरणीच्या मोटरीलाही तो जमला नसता.

त्या उन्हाळ्यात शिवारात उन्हाळी धानाचे पंप आणि गिरणी दोन्ही एकदमच चालायचे. क्लासमधलं व्होल्टेज एकशे चाळीसवर यायचं. तिथला स्टॅबिलायझर दिवसभर कट-कट करून शेवटी बंद पडायचा. मॉनिटर कसेबसे उजळायचे, पण डबे काही सुरू व्हायचे नाहीत. दादा एकदा जाऊन बघून आला आणि म्हणाला, "सर, मशीन चांगली हायेत. विजेले माझ्यापाशी इलाज नाई. जनरेटर लावा." सरांना ते आवडलं नाही. दोन दिवसांनी दादा मूलला गेला असताना त्यांनी मला बोलावलं.

मी वर गेलो तर मुली बंद मॉनिटरसमोर वह्यांनी वारा घेत बसलेल्या. रेखा चौथ्या मशीनवर होती.

"भाऊ, आठ दिवसांत परीक्षा हाये," ती म्हणाली. "भरतीच्या अर्जाले सर्टिफिकेट जोडा लागते. पुढची भरती कधी निघन, कोणाले माहीत?"

"मी काय वीज मंत्री हावो का?" मी म्हणालो. मुली हसल्या.

"मंत्री नाई, मेकॅनिक त हायेस ना? का दादाच्या मागं पेचकस धराले हायेस?"

त्या वाक्यावर मुली जास्त हसल्या. मी चौथ्या मशीनच्या मागे गेलो. लाल बटणावरच्या काळ्या पट्टीकडे बघत राहिलो. माझं डोकं एवढंच चाललं: वीज कमी येते, तर डबाही कमीवर ठेवावा. मी पट्टी सोलली, बटण ११५ वर सरकवलं, स्टॅबिलायझर मधून काढून वायर सरळ भिंतीत खोचली. पंखा फिरला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या अर्ध्या तासात मी आठही मशीन तशी केली. सरांनी विचारलं काय केलं, तर मी सांगितलं, "जोड ढिले होते." फुकटात विद्या द्यायची नाही हे मी दादासाठी सुटे भाग आणायला जायचो त्या नागपूरच्या बाजारात शिकलो होतो. सर म्हणाले, "तुझ्या दादाले हे नाई जमलं. वर्षभराचं काम आता तुझ्यासंगच बोलतो." मी जिना उतरलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

ते का चाललं हे मला कितीतरी वर्षांनी, एका जुन्या हार्डवेअरच्या पुस्तकातून कळलं. बटण ११५ वर असलं की ते दोन मोठे कपॅसिटर वेगवेगळे भरतात आणि एकावर एक बसून विजेची दुप्पट करतात. एकशे चाळीसची दुप्पट त्यांना कशीबशी पेलते. पूर्ण दोनशे तीस आले तर त्याचीही दुप्पटच होणार, आणि ती कुठलाही डबा पेलू शकत नाही. एवढंच होतं. दादाने हे मला दोन वाक्यांत सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. मला तो सोडायचाही नाही.

आठवडाभर क्लास सुरळीत चालला. मग एका संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला की पंपांसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसला आहे, लाइनमन सांगत होता, उद्या चालू करणार. आता गावाला पुरी वीज मिळेल. माय खूश झाली. ती ताटात भात वाढत होती. दादाने घास तसाच हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"क्लासवाल्या मशीन कशा काय चालू झाल्या गा? सर बजारात तुझी तारीफ करून राह्यले होते."

"जोड ढिले होते."

"आठही?"

"आठही."

"लाल बटणाले त नाई ना छेडलास?"

"नाई," मी म्हणालो.

त्याने अजून थोडा वेळ पाहिलं आणि घास तोंडात घातला. मी खोटं बोललो ते भीतीने नाही. पुरी वीज आल्यावर काही वाईट होईल असं माझ्या मनातही नव्हतं. उलट मशीन अजून जोरात चालतील असंच मला वाटत होतं. सरांनी दिलेला मान दादाच्या एका वाक्याने काढून घेतला जाईल, म्हणून मी खोटं बोललो. त्या ताटातली डाळ लाखोळीची होती. त्यानंतर मी ती खाल्लेली नाही. बायको विचारते तेव्हा पोटाला बाधते असं सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छपरीत एक टेपरेकॉर्डर खोलून बसलो होतो. बल्ब एकदम पांढरा झाला. इतका पांढरा की कोंड्याचा प्रत्येक कण दिसला. मी मान वर केली आणि खताच्या दुकानाकडून आवाज आले. जंगलात वणवा लागला की बांबूची पेरं फुटतात, तसे. एक, दोन, मग तीन एकदम. मी मोजत होतो. आठ झाले तेव्हा मी धावत सुटलो होतो आणि दादा माझ्यापुढे होता.

जिन्यातून धूर आणि मुली एकदमच बाहेर पडत होत्या. करपलेल्या कागदाचा आणि तेलाचा मिळून एक वास येतो, तो आला. रेखा जिन्याखाली पडलेली होती. धुरात आधीच्या मुलीला ढकलायला नको म्हणून ती कडेला झाली आणि कडेला कठडा नव्हता. दादा तिच्याजवळ बसला, अंगातला शर्ट काढून तिच्या पायाला गुंडाळू लागला. ती ओरडत नव्हती. "भरती, भरती" असं काहीतरी पुटपुटत होती.

मी तिच्या बाजूने वर गेलो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी थांबलो नाही, वाकलो नाही, पाहिलं नाही. जिना चढून धुरात गेलो आणि एकेका मशीनच्या मागे जाऊन लाल बटण २३० वर सरकवलं. आठही. पत्रे तापलेले होते, बोटं पोळली. भिंतीत खोचलेल्या वायरी उपसल्या आणि स्टॅबिलायझर परत मध्ये लावला. माझं डोकं त्या वेळी जितकं शांत चाललं तितकं पुढे कुठल्याही सौद्यात चाललं नाही.

खाली आलो तोवर रेखाला बैलगाडीवाल्याच्या मदतीने दवाखान्यात नेलं होतं आणि जमलेल्या लोकांनी लाइनमनला धरून आणलं होतं. नुकताच कामाला लागलेला माणूस, खांबावरून उतरून बिडी पेटवत होता तिथूनच उचललेला. रेखाचा बाप त्याची गचांडी धरून विचारत होता, "काऊन सोडली एवढी वीज? माह्या पोरीचा पाय मोडला ना बे!" तो नुसता हात जोडत होता. दुसरा कोणीतरी लाकूड घेऊन आला.

दादा वर जाऊन आला. किती वेळ वर होता सांगता येत नाही. त्याच्या मुठीत सोललेल्या काळ्या पट्ट्या होत्या, गोळा होऊन चिकटलेल्या. त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग तो गर्दीत शिरला आणि लाइनमनच्या पुढे उभा राहिला, उघड्या अंगाने.

"त्याले सोडा," तो म्हणाला. "चूक माही हाये. मशीनचं बटण मी कमीवर ठेवलो होतो. वीज बराबर होती."

पहिली थप्पड रेखाच्या बापाने मारली. बाकीच्या मी मोजल्या नाहीत. मी तिथेच उभा होतो.

माझी तक्रार इथूनच सुरू होते आणि वाचणाऱ्याला ती चुकीची वाटली तरी मी ती लिहिणार. मी सगळं झाकलं होतं. बटणं जागेवर होती. लाइनमनला चार फटके बसले असते, साहेबलोक आले असते, वरून आलेल्या विजेवर सगळं गेलं असतं. दादाने ते उघडलं, आणि उघडून स्वतःच्या अंगावर घेतलं, मला न विचारता. महिनाभरात दुकानावर कोणी फिरकेना. मग तो कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागला. बस स्टँडवर मी त्याच्याशी भांडलो.

"कोणी सांगतलं होतं तुले हरिश्चंद्र बनाले? माह्या नावानं माही शिक्षा घेतली असती मी!"

"घेतली असतीस?" तो म्हणाला. नुसतं एवढंच. मग बस आली. "पाटीवर माहं नाव होतं गा. मायले सांभाळ."

पाटी मी उतरवली, स्वतःच्या नावाची लावली. पुढे आधी गाळा घेतला, मग दोन गाळे, आज तालुक्यातल्या निम्म्या कचेऱ्यांची मशीन माझ्याकडे येतात आणि नागपूरचे व्यापारी मला बघून भाव आधीच खाली आणतात. लोक म्हणतात, मी भावाचं दुकान गिळलं. दादा माय गेली तेव्हा आला, दोन दिवस राहिला, दुकानात पाऊल टाकलं नाही. मूल रोडवर आजही पहाटे भरतीच्या मुली धावतात. मी त्या बाजूची खिडकी विटा लावून बुजवली. आवाज येतोच. येतो, जवळ येतो, आणि आमच्या घरासमोर थांबतो. थांबायला तिथे काही नसतं.

रेखाची भरती गेली ती गेलीच. प्लास्टर असताना ती घरी बसून टायपिंग शिकली आणि आता तहसीलसमोर तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. इतक्या वर्षांत तिच्या मशीनचे डबे मीच बदलले. आताच्या डब्यांना ते बटण नसतं, किती वीज येते हे ते आपलं आपण ओळखतात. मी खाली बसून स्क्रू पिळत असतो आणि ती वरून म्हणते, "तुझ्या दादानं माही भरती खाल्ली. तू मात्र जोडून राह्यला, बापा." मी मान वर करत नाही. तिने कधी भाव कमी करून मागितला नाही, आणि मी कधी जास्त लावला नाही.

मी लिहितोय त्या या पुस्तकाची आधीची सगळी प्रकरणं माझ्या अक्षरातून तिनेच टाइप केली आहेत. इथपर्यंतची पानंही मी तिला दिली. चंद्रपूरला टाइप करून घेता आली असती. दोन आठवडे ही पानं माझ्या पिशवीत फिरली. सोमवारी तिच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून आलो. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी आला नाही. काल मीच गेलो.

पानं टाइप होऊन, टाचून ठेवलेली होती. ती कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला छापत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिने मला उभं ठेवलं.

"सगळं तसंच ठेवली," ती म्हणाली. "एक शब्द काढली."

"कोणता?"

"तू डावा पाय लिहिला होतास. दोन ठिकाणी." तिने खुर्ची मागे सरकवली आणि साडी थोडी वर करून पाय पुढे केला. घोट्याच्या वर हाड जुळलं होतं ते वाकडं. "उजवा हाये. आता तिथं नुसता पाय हाये. वाटलं त लिहून टाक."

मी टाचलेली पानं उचलून पिशवीत घातली.

"दादाचा नंबर सांग," ती म्हणाली.

मला तो पाठ नव्हता. मोबाइलमध्ये शोधून वाचून दाखवला. तिने लावला आणि मशीनच्या बाजूला ठेवला. बराच वेळ वाजला. मग दादाचा आवाज आला, म्हातारा झालेला, मागे कुकरची शिट्टी.

"कोण?"

"मी रेखा बोलून राह्यली, दादा. सिंदेवाहीवरून. क्लासवाली."

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "उजव्या पायावर भार देता येते का आता, बाई?"

तिने फोन उचलून कानाला लावला आणि मला हाताने बाहेर जायची खूण केली.